ऑक्टाव्हिया व्हीआरएस लॉग: डोनर गाडीचे पार्ट विकायला काढलेत, आत्तापर्यंतचा हिशोब

राम राम मंडळी. मागच्या लॉगमध्ये सांगितलं होतं की माझी २००५ ची व्हीआरएस (स्कोडा ऑक्टाव्हियाचं टर्बो पेट्रोल मॉडेल) एकदाची सुरू झाली आणि सोलापुरात विजापूर रोडला चक्कर मारून आलो. तिच्यासाठी जी दुसरी ठोकलेली व्हीआरएस पार्ट काढायला, म्हणजे डोनर म्हणून, घेतली होती तिच्यातलं मला पाहिजे ते सगळं निघालं, उरलेलं अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांच्या टॉवेलच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये वर्षभर पडून होतं. आता काकांना तिथं लूम टाकायचेत, दिवाळीआधी शेड मोकळी पाहिजे म्हणाले, त्यामुळं गेले अडीच महिने गाडी बाजूला आणि पार्ट विकणं हाच उद्योग चालूय.

आधी सोपा रस्ता बघितला. ओळखीचा भंगारवाला येऊन गेला, त्यानं अलॉय अ‍ॅल्युमिनियमच्या भावानं आणि बाकी सगळं लोखंडाच्या भावानं धरलं, टर्बोसकट. फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) दिसल्यावर म्हणाला हे आत्ताच कॅशमध्ये नेतो. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, लोकांना माहीत नसतं आणि किलोवर देऊन टाकतात, तसं कुणी करू नका. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका दुकानदाराला फोटो पाठवले. त्याला अख्खा लॉट एकगठ्ठा पाहिजे होता, भंगारापेक्षा दुप्पट भाव देत होता पण टेम्पोचं भाडं माझ्याकडं. ज्याला जागा आजच्या आज मोकळी करायचीय त्यानं खुशाल द्यावं. माझ्याकडं वेळ होता, आणि खरं सांगायचं तर १५० हॉर्सपॉवरच्या त्या १.८ टर्बोचे पार्ट कुणाच्यातरी चालत्या गाडीत जावेत असं मनापासून वाटत होतं.

पहिली जाहिरात टाकली 'व्हीआरएसचे अलॉय, सोळा इंची, चार नग'. तीन आठवडे एक फोन नाही. व्हीआरएस शिल्लक तरी किती आहेत आणि त्यातल्या किती जणांना अलॉय पाहिजेत? मग डोक्यात आलं की ह्या चाकाचा पीसीडी ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि सेंटर बोअर, म्हणजे मधलं भोक, ५७.१ मिलिमीटर, म्हणजे पोलो, व्हेंटो, रॅपिड, फाबिया सगळ्यांचा तोच. जाहिरात बदलली, पोलो-व्हेंटो-रॅपिडला बसणारे ओरिजिनल अलॉय असं लिहिलं, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) चाकाच्या मागं कोरलेला असतो त्याचा फोटो टाकला, आणि चौथ्या दिवशी बार्शीचा रॅपिडवाला घरी हजर. सोबत बोल्टपण दिले कारण फोक्सवॅगनचा बोल्ट गोल बुडाचा असतो, बाजारातला निमुळत्या बुडाचा टाकला तर चाकाच्या भोकात नीट बसत नाही आणि चाक ढिलं व्हायची भीती. एक जुन्या कोरोलावालापण मागत होता, त्याचाही ५ बाय १०० च आहे, पण टोयोटाचा हब ५४.१ चा, रिंग टाकल्याशिवाय चाक सेंटरला बसणार नाही आणि त्याला नट-स्टड असतात, म्हणून त्याला नको म्हणून सांगितलं.

तेव्हापासून माझी पद्धतच बदलली. पार्ट हातात घेतला की आधी हा अजून कशाकशाला बसतो ते शोधायचं, जाहिरात मग. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडी ह्या ग्रुपच्या गाड्यांत ते सोपं आहे कारण नंबर पार्टवरच असतो आणि तो वाचता येतो. डायव्हर्टर व्हाल्व्ह (पाय सोडल्यावर टर्बोची जादा हवा वळवणारा) घ्या, त्यावर लिहिलंय ०६ए १४५ ७१० एन. ०६ए म्हणजे इंजिनची फॅमिली, मधल्या तिनातला पहिला १ म्हणजे इंजिनचा ग्रुप (६ आला की चाकं-ब्रेक, ८ म्हणजे बॉडी, ९ म्हणजे वायरिंग-इलेक्ट्रिक), आणि शेवटचं अक्षर म्हणजे सुधारित आवृत्ती. सुरुवातीला १जे० दिसलं तर तो पार्ट मुळात गोल्फ मार्क फोरसाठी काढलेला, १यू० दिसलं तर खास ऑक्टाव्हियाचा. म्हणून १जे० वाल्या पार्टला गिऱ्हाईक जास्त. हा ७१० एन व्हाल्व्ह एका जुन्या ऑडी ए४ १.८ टी वाल्यानं तासाभरात उचलला, त्यानं फोटो मागितलाच नाही, फक्त नंबरचं शेवटचं अक्षर विचारलं. जाहिरातीत नंबर लिहिलेला असला की विचारणारा माणूस माहितगार येतो, 'लास्ट किती' वाले आपोआप कमी होतात.

ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, मात्र जपून. इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) ईसीयू आणि मीटर कन्सोल दोघांत जोडलेला असतो, नुसता ईसीयू कुणी नेला तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते आणि मग रात्री अकराला फोन. मी ईसीयू, मीटर, किल्ली आणि किल्ली ओळखणारी लॉकभोवतीची रिंग असा सेटच विकला, नाशिकला गेला. एकानं नुसतं मीटर मागितलं, कमी किलोमीटरचं आहे का असं आधी विचारलं, त्याला दिलं नाही.

जे विकायचंच नाही ते वेगळं काढलंय. एअरबॅग आणि सीटबेल्टचे टेन्शनर, त्यात स्फोटक असतं, कुरिअरवाले घेत नाहीत आणि जुन्या एअरबॅगवर दुसऱ्याचा जीव सोडायचा नाही. एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटला हात लावायच्या आधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचं, हे नव्यांसाठी. कॉइल पॅक, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप हेपण नाही, नवीन मिळतात.

आता पॅकिंग, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथंच झालं. पहिला हेडलाइट बबल रॅपमध्ये गुंडाळून ट्रान्सपोर्टला दिला, कोल्हापूरला पोचला तो वरचा माउंटिंगचा कान तुटून. काच शाबूत, कान गेला, पैसे परत केले. दुसरा पाठवायच्या दिवशी काका शेडमध्ये आले, बघितलं आणि म्हणाले, "असा बांधतात होय रे? थांब." कारखान्यातले रिजेक्ट टेरी टॉवेल आणले, एक ओला करून पिळला, तिन्ही कानांच्या पोकळीत घट्ट कोंबला आणि तसाच वाळू दिला. वाळल्यावर टॉवेल त्याच आकारात कडक होऊन बसला, कान हलेचना. वरून दुसरा टॉवेल, मग जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा, मग पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्यात लाइट कुठंच भिंतीला टेकत नाही असा. तो त्याच कोल्हापूरच्या दादांना पोचला, लावून चालू केल्याचा व्हिडिओ आला. टर्बोचं पण तसंच, आधी तेल पूर्ण निथळू द्यायचं, मग सगळी तोंडं बंद करायची, आत एक खडा गेला तरी पंखा खलास. शाफ्ट बोटांनी हलवून दाखवायचा व्हिडिओ मी न मागता पाठवतो. आडवं थोडं हलणं चालतं, पण पुढं-मागं हललं तर तो टर्बो चालू म्हणून विकायचा नाही.

दाराचे ट्रिम आणि डॅशबोर्डचे तुकडे काढायचे असतील तर आपल्याकडं ऊन फुकट आहे ते वापरा. वीस वर्षांचे प्लॅस्टिकचे क्लिप सकाळी गार असताना कटकन तुटतात, दुपारी तापल्यावर नरम येतात. मे महिन्यात काढलेल्या ट्रिमचा एक क्लिप तुटला नाही.

लहान पार्ट स्पीड पोस्टनं, जड सगळं ट्रान्सपोर्टनं, पावतीवर 'जुने वापरलेले सुटे भाग' आणि खरी किंमत. पैशाचं एक सांगतो. एकानं सीटचा भाव न करता लगेच होकार दिला, आर्मीत आहे म्हणाला, आणि अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. माझ्या मित्राचे असेच गेलेत. कुणाचं झालंच तर वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

कागदाचं विचारतात बरेच जण, आणि विचारलंच पाहिजे. डोनर घेतानाच आधीच्या मालकाकडून आरसी रद्द झाल्याचा कागद घेतला होता. कायद्यात कलम ५५ आहे, गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. त्या कागदाची झेरॉक्स आणि पार्टच्या नंबरचा फोटो मी प्रत्येक मोठ्या पार्टसोबत देतो. इंजिनचा ब्लॉक घेणाऱ्याला तर त्याशिवाय देणारच नाही. चोरीचा माल आणि आपला माल ह्यात फरक तेवढ्या कागदाचाच आहे.

शिल्लक काय म्हणाल तर ब्लॉक, मागचा स्पॉयलर (साध्या ऑक्टाव्हियाच्या डिकीवर बसतो, भोकं पाडावी लागतील), पुढच्या दोन सीट आणि ०२जे प्रकारचा गिअरबॉक्स. गिअरबॉक्सला पंढरपूरचा एक १.९ डिझेलवाला मागं लागलाय, त्याच्या गाडीतपण ०२जे च आहे. पण डिझेलचे रेशो लांब असतात, हा बसवला तर हायवेला पाचव्यातपण इंजिन ओरडत राहणार. त्याला बेल हाउसिंगजवळचा (गिअरबॉक्स इंजिनला जोडतो तिथला) तीन अक्षरी कोड त्याच्या गाडीवरून वाचून पाठवायला सांगितलाय, त्यावरून रेशो कळतात. रविवारी गाडी जॅकवर घेतो म्हणालाय.