जांभ्यावर पत्रा नको

बेळगावच्या शहापुरात एका कापड दुकानाचं दर्शनी काम घेतलंय. घर जुनं: काळ्या दगडाचं जोतं, वर जांभ्याचे चिरे, दाराला कमान, भिंत दोन फूट जाड. मालक पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, सगळं एसीपी शीटनं झाकून टाका की ओ, दगड लई जुनाट दिसायलाय."

एसीपी म्हणजे मध्ये प्लॅस्टिक असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. मी नाही म्हटलं. जुन्याचं प्रेम आहेच, पण मुद्दा ओलीचा आहे. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, तरी अंगभर छिद्रं राहतातच. बेळगावात वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस. भिंत पाणी पिते, ऊन पडलं की सोडते. वर शीट ठोकली की ओल मागे कोंडते आणि आतल्या साड्यांना बुरशी.

सिमेंटचंही तेच. कधीतरी कुणी इथल्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, सिमेंटनं भरल्यात. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक. ओल दरजेतून निघेना, म्हणून चिऱ्यातून निघते आणि चिराच झिजतो. आता बोट फिरवलं की लाल भुगा हाताला येतो, दरजा मात्र फासळ्यांसारख्या वर आल्यात. गवंडी छिन्नीनं त्या काढून चुना भरतोय. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश धरतो. मालकांना दिवाळीच्या आत दुकान उघडायचंय, ते चुन्याला कोण सांगणार?

नवं म्हणजे कमानीच्या आत हातभर मागे काळी स्टीलची चौकट आणि काच. चौकटीचा भार तिच्या स्वतःच्या पायावर, भिंतीवर नाही. पाटीसाठी भोकं दरजेत, चिऱ्यात एकही नाही. पाटी बदलली तर दरज पुन्हा भरता येते. बोल्ट स्टेनलेसचे. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं.

पाटीनं खरा घाम काढला. कर्नाटकाच्या 2024च्या कायद्यानं पाटीवरची 60 टक्के जागा कन्नडला, गिऱ्हाईक बरंचसं मराठी, आणि मालकांना इंग्रजीही पाहिजे. एवढा बोर्ड म्हणजे कमान गेलीच. शेवटी सुटी अक्षरं कापून बारीक पट्ट्यांवर बसवायचं ठरलं: कन्नड वर आणि मोठं, बाकी दोन्ही खाली, मधून दगड दिसतो.

मालकांच्या आईची एकच अट, दाराजवळचा कट्टा काढायचा नाही. मालकांना तिथं साडी नेसवलेला पुतळा उभा करायचा होता. पुतळा काचेआड गेला.