आमची वाटचाल: मे महिना, मचूळ विहीर आणि दोनशे किलो क्रीम

आमचं युनिट आता कुडाळ एमआयडीसीत, पण सुरुवात मालवणला घराच्या पडवीत. घाण्याचं खोबरेल विकायचो. पुण्याची गिऱ्हाइकं थंडीत फोन करायची, तेल थिजलंय, भेसळ आहे. आता २४-२५ डिग्रीच्या खाली खोबरेल थिजणारच ना! मावसभाऊ म्हणाला, मग केसांना लावायचं क्रीमच करूया, म्हणजे कंडिशनर. तो बीएस्सी केमिस्ट्री, मी कॉमर्स. सेकंडहँड होमोजिनायझर (तेल-पाणी घुसळून एकजीव करणारं यंत्र) त्यानेच घासाघीस करून आणला, कान किटतात पण अजून तोच चालतो.

पहिली वर्षं बरी गेली. मग ती मे महिन्याची बॅच. तेल, बीटीएमएस (तेल-पाणी धरून ठेवणारा इमल्सिफायर), सेटोस्टिअरिल (क्रीम दाट करणारं मेणासारखं अल्कोहोल) एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात, दोन्ही ७५ डिग्रीला, सगळं नेहमीसारखं, तरी थंड झाल्यावर ताकासारखं पातळ, आम्ही तसंच भरलं (गाढवपणा) आणि आठवड्यात दुकानांतल्या बाटल्यांत वर लोणी, खाली पाणी. यंत्राचा आरपीएम (फिरण्याचा वेग) वाढवून बघितला, सप्लायरशी भांडलो, त्याची काही चूक नव्हती. शेवटी भावाने विहिरीचं पाणी चाखलं. मचूळ! उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरीत खार शिरतो हे आजीला ठाऊक होतं, आम्हाला नाही. बीटीएमएसचा भार धन, त्यामुळेच तेलाचे थेंब एकमेकांना लांब ठेवतात आणि केसाच्या ऋण भाराला क्रीम धरून राहतं. पाण्यात मीठ आलं की तो भार झाकला जातो, थेंब एकमेकांना चिकटतात, क्रीम फुटतं.

त्यात आमच्याच बाजारातल्या एकाने फुटलेल्या बाटलीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, खाली 'पाणी विकतात'. अरे बाबा, कंडिशनरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, सगळ्यांच्याच! आज तोच क्रीम काढतो. असो. असो म्हणतोय, पण विसरलेलो नाही.

दुकानदारांनी माल परत पाठवला. वेंगुर्ल्याच्या पार्लरवाल्या काकींनी दोन डझनातली एकही बाटली परत केली नाही, पैसेही पूर्ण दिले. म्हणाल्या, "मी हलवन लावतंय, तू घाबरा नको."

नवीन धंदा काढणाऱ्यांनो, लेबलवर खर्च करायच्या आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, चार-पाचशे रुपयांत येतो, आणि डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा. पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्हही आलाच, 'नॅचरल' म्हणून तो गाळू नका, आमच्या पावसाळ्यात बुरशी विचारून येत नाही. शाम्पूवाला एसएलएस (फेस आणणारा, ऋण भाराचा) कंडिशनरात घालू नका, धन-ऋण एकत्र आले की गुठळ्या होतात.

काकींना अजून जुन्याच रेटने देतो. भाऊ दरवेळी कुरकुरतो, पण बिल तोच करतो.