आत्या कुठल्या गटात?

आत्यानं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायम दम लागणारा फुप्फुसांचा आजार. स्पायरोमेट्रीत (फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत) एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या ४५ टक्के, म्हणजे गोल्डची (सीओपीडीच्या उपचारांची दिशा ठरवणारी जागतिक संस्था) तिसरी ग्रेड, मला वाटलं औषध त्यावरच ठरणार. पण नाही! डॉक्टर विचारत बसले, सपाटीवर चालताना बरोबरीच्या बायकांच्या मागं पडता का, वर्षात दम किती वेळा उसळला, अ‍ॅडमिट केलेलं का. दम किती लागतो नि किती वेळा उसळतो यावरून गोल्ड पेशंटचे गट पाडतं, औषध त्या गटावरून; २०२३ पासून त्यातले सी आणि डी गट मिळून ई केलाय, त्यात वर्षात एकदा जरी दम उसळून अ‍ॅडमिट झालात की थेट ई. आत्या दिवाळीत चार दिवस दवाखान्यात होती, झालं! मग दोन औषधांचा एकच इन्हेलर दिला, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ३०० च्या वर असते तर स्टिरॉइडपण जोडलं असतं म्हणे. आत्याचं आपलं एकच, "पंपाची सवय लागंल का रं?"