चालते फळे: नागपुरातली मारबत

कुठल्याही गावी गेलो की मी आधी तिथले फळे वाचतो. देऊळ, किल्ला, प्रसिद्ध खाणं हे सगळं नंतर. ग्रामपंचायतीचा फळा, वाचनालयाबाहेरचा, देवळाच्या ओसरीवरचा, जो दिसेल तो. ही खोड बंदरावर वाढल्यामुळे लागलेली.

दाभोळ खाडीच्या तोंडाजवळ आमचं गाव. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपाशेजारी एक काळा फळा आहे आणि गावात काय चाललंय हे त्याच्यावरून कळतं. मे संपत आला की पहिली ओळ ठरलेली असते: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्याखाली डिझेल परतावा कुठल्या महिन्यापर्यंतचा आला, बर्फ कुठे मिळेल, खलाशी पाहिजेत, वाहून गेलेलं जाळं सापडल्यास अमक्याला कळवा, समुद्रकिनारी कासवाची अंडी दिसली तर हात लावू नये. वारा उठला की कोपऱ्यात खडूने 'तीन नंबरचा बावटा' एवढंच लिहितात. ते वाचून होड्या आत येतात.

वादही याच फळ्यावर होतात, पण आमच्याकडचे वाद फार सभ्य. पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून घेणारं मोठं जाळं. पर्ससीनवाल्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांचं भांडण मी लहान होतो तेव्हापासूनचं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनच्या परवान्यांवर आणि हंगामावर मर्यादा आली, तरी ते मिटलं नाही. मग एलईडी दिव्यांच्या मासेमारीचं आलं. बंदी ३१ जुलैला उठवावी की १५ ऑगस्टपर्यंत न्यावी, यावर तर दर पावसाळ्यात बैठक बसते. आणि या सगळ्यातून फळ्यावर काय उतरतं? 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. मा. आयुक्तांना निवेदन देण्यात आले आहे.' वाचणाऱ्याला वाटेल गावात सगळं आलबेल आहे. ज्याला ऐकवायचं तो मुंबईत, आणि फळा बंदरावर.

ही पार्श्वभूमी सांगितली, कारण तिच्याशिवाय नागपुरात मला काय दिसलं ते सांगता येणार नाही.

ताईचं सासर नागपुरात, जुन्या शुक्रवारीत. 'एकदा पोळ्याला ये' असं ती लग्न झाल्यापासून सांगत होती. पण पोळा म्हणजे श्रावणी अमावस्या, आणि चार-पाच दिवसांवर गणपती. कोकणातला माणूस त्या आठवड्यात गावाबाहेर पडत नाही. पडला तर शेजारी कारण विचारतात. २०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला आणि गणपती २७ ला आले. मखराचं काम धाकट्यावर सोपवून मी चिपळूणला मडगाव–नागपूर विशेष गाडीत बसलो. कोकण रेल्वेने पनवेल, कल्याण, मग इगतपुरीचा घाट, भुसावळ, अकोला, वर्धा. आमच्या गावच्या लोकांना नागपूर म्हणजे हिवाळी अधिवेशन एवढंच ठाऊक. गाडी थेट जाते हे बऱ्याच जणांना माहीत नाही. प्रवास लांबलचक, पण भुसावळच्या पुढे कापसाची हिरवी शेतं सुरू झाली की बरं वाटतं. कोकणातून गेलेल्या डोळ्यांना एवढं सपाट काही बघायची सवय नसते.

नागपुरातला पहिला फळा दगडाचा निघाला. झिरो माईलचा तो वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे, आणि आजूबाजूच्या गावांची अंतरं कोरलेला दगड. ब्रिटिशांच्या सर्वेक्षणाचा ठेवा. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. सगळ्या शहरात मला समुद्राची आठवण करून देणारी एवढीच जागा सापडली, म्हणून जरा थांबलो. बाकी तिथे करण्यासारखं काही नाही. मेट्रो डोक्यावरून जाते, लोक फोटो काढतात.

खरा फळा ताईच्या गल्लीच्या तोंडाशी होता. जुनी शुक्रवारी गांधीसागर तलावाला लागून आहे. जुने नागपूरकर अजून शुक्रवारी तलावच म्हणतात. गल्लीतल्या मंडळाचा पत्र्याचा फळा, वर हिरवा रंग. त्यावर एकाच्या तेरवीची सूचना, विद्यार्थ्यांसाठी खोली भाड्याने, घरगुती डबा मिळेल, आणि मधोमध तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेचा कागद. तान्हा पोळा हा पोरांचा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून पैसे गोळा करतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून हे चालत आलंय. स्पर्धेच्या नियमांत एक होता: 'नंदी स्वतःचा असावा, भाड्याचा चालणार नाही.' त्याच्याखाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, 'मागच्या वर्षीचा पहिला नंबर कोणाचा होता ते पण लिहा.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'तुमच्या पोट्ट्याला नाही भेटला म्हणून जळता काहून?' आणि तिसऱ्या अक्षरात, 'दोघंही मंडळात येऊन बोला, फळा खराब करू नका.'

हे असं आमच्या फळ्यावर कोणी लिहिलं असतं तर त्या रात्रीच पुसलं गेलं असतं.

महाल भागातल्या चितार ओळीत ताईच्या पोराला नंदी घ्यायला गेलो. एका बाजूला गणपतीच्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला नंदी: हातभर, वीतभर, आणि चाकांवरचा एक एवढा मोठा की त्याच्यावर पोर बसेल. भाव ऐकून भावजींनी चेहरा सरळ ठेवला. पोराला मोठाच हवा होता. शेवटी मधला घेतला.

ताईच्या सासऱ्यांना नातवंडं आबाजी म्हणतात, म्हणून सगळं घर आबाजीच म्हणतं. रिटायर शिक्षक. जेवताना त्यांना बंदरावरच्या फळ्याचं सांगितलं तर ते जेवायचे थांबले.

"मंग राग काढता कुठं तुम्ही लोक?"

"राग नाही काढत आबाजी. अर्ज काढतो."

"अन् अर्जाचं काय होते?"

"पोच मिळते."

आबाजी खूप वेळ हसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी इतवारीत चाला. आमचा फळा पाहा."

मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळायचा पुतळा. तिच्याबद्दल मी फक्त बातम्यांत वाचलं होतं. दोन मुख्य मारबती. काळी १८८१ पासूनची, तिची मिरवणूक इतवारीतल्या नेहरू पुतळ्याच्या भागातून निघते. पिवळी १८८५ पासूनची, ती जागनाथ बुधवारीतून येते आणि तिच्यामागे तेली समाजाची परंपरा आहे. बांबू, कागद, कापड यांच्या या भल्यामोठ्या बायका. रंगवलेले डोळे लांबूनही अंगावर येतात. काळीची गोष्ट भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी जोडतात. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली याचा राग म्हणून तिचा पुतळा. दुसरी गोष्ट पुतनेची, कृष्णाने मारल्यावर गोकुळाबाहेर नेऊन जाळलेल्या राक्षसिणीची. पिवळीकडे मात्र लोक देवीसारखं बघतात. बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तिला हात जोडत होत्या, लेकरं तिच्यापुढे धरत होत्या. ज्या पुतळ्याला संध्याकाळी जाळायचं त्याच्यापुढे लेकरू धरायचं, हे मला उमगायला वेळ लागला. आबाजींना त्यात विचित्र काही वाटत नव्हतं. "रोगराई तीच तर घेऊन जाते. मंग तिच्या पाया नाही पडायचं?"

गर्दीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. इतवारीच्या गल्ल्या अरुंद, माडीवर, पत्र्यावर, दुकानाच्या फळीवर माणसं, आणि एकच घोष: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्या घोषाला शेपूट जोडायची प्रथा आहे. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, इथून सुरू होतं आणि मग ज्याला जे सुचेल ते. महागाई, खड्डे, पेपर फुटणं. माझ्या शेजारचा पोरगा आपल्या कोचिंग क्लासच्या सरांना घेऊन जा म्हणत होता.

आणि मग बडगे आले.

बडग्या म्हणजे मारबतीचा पुरुषी जोडीदार म्हणा, पण खरं तर तो त्या वर्षीच्या रागाचा पुतळा. मंडळामंडळाचा वेगळा. कोणी भ्रष्टाचाराचा, कोणी दहशतवादाचा, कोणी गल्लीतल्या एखाद्या साध्या गैरसोयीचा. प्रत्येकाच्या गळ्यात, पाठीवर, गाडीच्या दांडीला पाट्या. मी आयुष्यभर फळे वाचत आलोय, पण फळा माझ्याकडे चालत येतोय आणि तो वाचून माणसं त्याला शिव्या घालतायत, असं कधी बघितलं नव्हतं. काही पाट्यांवर शुद्धलेखन भयंकर होतं, काहींवर यमक जुळवायच्या नादात अर्थ सांडला होता. एकावर इतका मजकूर की पुतळा पुढे गेला तरी माझं वाचून झालं नव्हतं. मग त्याच्यामागे थोडं पळालो.

त्यातला एक बडग्या डोनाल्ड ट्रम्पचा. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेल्या ५० टक्के आयातशुल्कावरून. त्यातला दुसरा २५ टक्क्यांचा हप्ता २७ ऑगस्टला, म्हणजे नेमका गणेश चतुर्थीला लागू व्हायचा होता. माझ्या भोवतीची माणसं नुसती गंमत म्हणून ओरडत होती, मी मात्र सरळ उभा राहिलो. भारतीय कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिकडे जाणारी बहुतेक कोळंबी आंध्रच्या तळ्यांतली असते, समुद्रातली नव्हे. पण निर्यातवाल्याचा भाव पडला की त्याचा झटका बंदरावरच्या लिलावापर्यंत यायला किती वेळ लागतो? त्या आठवड्यात आमच्या बंदरावर बोलणं याचंच होतं. आणि आमच्या फळ्यावर त्याबद्दल एक ओळ नव्हती. समुद्रापासून इतक्या लांब, इतवारीच्या गल्लीत, कोणीतरी त्याचा कागदाचा पुतळा करून त्याला खांद्यावर घेतला होता.

मला हेवा वाटला, हे कबूल करतो. पण पूर्ण भाळलो नाही. दोन दिवसांपूर्वी आबाजी मला अंबाझरीला घेऊन गेले होते. तलाव १८७० च्या सुमाराचा, भरून सांडव्यावर आलेला, काठावर पोहण्यास मनाईच्या पाट्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, पार मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं. माणसं गेली. सांडव्यापुढे उभारलेल्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडली का, यावर शहरात वाद पेटला आणि तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. आम्हाला समुद्राचं पाणी कळतं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं; झोपेत तलाव घरात येतो म्हणजे काय, हे मी त्या बांधावर उभा राहून समजून घेत होतो. आबाजींना विचारलं, याचा बडग्या का नाही करत? ते म्हणाले, "बडग्या जळून जाते. हे जाळून चालत नाही. इथं कागदच लागतात, नकाशे लागतात."

म्हणजे अर्ज काढणारे नागपुरातही आहेत. फक्त त्यांनी दोन खाती वेगळी ठेवलीत. विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या प्रती विदर्भवादी जाळतात तेही आठवलं. करार होऊन सत्तर वर्षं उलटली, भिंतींवर 'वेगळा विदर्भ' अजून लिहिलेलं दिसतं.

मिरवणूक संपून घरी आलो तेव्हा पाय दुखत होते आणि कानात ढोल. ताईने तर्रीपोहे केले होते. पोर नंदी घेऊन बोजाऱ्याला निघालं, आणि मधला नंदी घेतल्याचा राग त्याने अजून धरलेला होता. आबाजी आरामखुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आता सांगा. तुमच्या गावात मारबत निघाली, तर पहिला बडग्या कोणाचा?"

मी विचार न करता म्हटलं, पर्ससीनवाल्यांचा.

मग विचार केला. पंपावर फळा लिहिणाऱ्या सेक्रेटरीचा मेहुणा पर्ससीनवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला सगळ्यात मोठी देणगी एका पर्ससीनच्या मालकाची. शिमग्याला पालखी त्याच्या दारी थांबते. आणि माझ्या सख्ख्या चुलतभावाचा एका बोटीत चार आणे हिस्सा आहे. एवढ्याशा गावात पुतळा करायचा म्हणजे चेहरा कोणाचा तरी काढावाच लागणार, आणि तो चेहरा दुसऱ्या दिवशी बर्फाच्या रांगेत माझ्या पुढे उभा असणार. आमच्या फळ्यावर 'सर्व संबंधितांनी' का लिहितात ते मला तिथे, आबाजींपुढे बसून, नीट दिसलं. संबंधित सगळेच आहेत.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. चुलतभावाच्या हिश्श्यासकट.

आबाजींनी पोह्यांवर तर्री ओतून घेतली. "मंग असं करा," ते म्हणाले, "चार आणेच जाळा."