तात्यांनी आधी वाईट कलम वाचलं

नाशिकच्या सातपूरमधल्या ज्या कारखान्यात मी तेव्हा पर्सनलला, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या खात्यात होतो, तिथला पगारवाढीचा करार बरेच महिने अडला होता. साहेबांना प्रत्येक मशीनवर जादा नग हवे होते, युनियन आणि तिचे सरचिटणीस तात्या ऐकत नव्हते. शेवटी एका रात्री मसुदा ठरला. वाढ युनियनच्या मागणीपत्रापेक्षा बरीच कमी, मागचा फरक हप्त्यांनी, आणि जादा नग मान्य.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना गेट मीटिंग होती. "तात्या गोड बोलून गुंडाळतील," असं साहेबांचं भाकीत. मी टाइम ऑफिसच्या खिडकीत उभा. सरचिटणीस तात्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढले, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं ते थेट जादा नगांचं कलम. पगाराचा आकडा मागे ठेवला.

एकच गलका. "तात्या, किती पेट्या घेतल्या?" निळ्या टी-शर्टातला एक पोरगा ओरडला. सगळे हसले, आमचा वॉचमनसुद्धा.

तात्या म्हणाले, "माझा बाप लालबागला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ला बाहेर पडला, परत आत गेलाच नाही. तो संप आजतागायत कुणी मागे घेतलेला नाही. तुम्हाला आत्ता बाहेर काढतो, त्याला काय लागतं? परत आत कसं न्यायचं ते कुणीतरी सांगा."

त्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, कामगारनेते दत्ता सामंतांच्या शब्दावर उतरलेले. आमच्या तात्यांना भाषणही धड जमत नसे. पण कुणाची पीएफची कागदं अडली, कुणाला कंपनीची चार्जशीट मिळाली, की माझ्या टेबलासमोर तेच येऊन बसत. साहेबांच्या नोटिशी बोर्डावर पिवळ्या पडत, तात्यांचा निरोप चहाच्या सुट्टीत शेवटच्या मशीनपर्यंत पोचे.

हात वर करून मतदान झालं. बहुमत मिळालं, पण काठावरचं. कंत्राटी पोरं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. जादा नग त्यांनाही काढावे लागणार होते, मत मात्र नव्हतं. त्यांचा विषय ना आम्ही काढला, ना तात्यांनी.

सह्या सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर केल्या, कारण तसा करार युनियनचे सभासद नसलेल्या कामगारांनाही बंधनकारक असतो. पुढच्या निवडणुकीत तात्या पडले. निळ्या टी-शर्टवाला कमिटीत निवडून आला, आणि पुढचं मागणीपत्र माझ्या टेबलावर त्यानेच आणून ठेवलं. त्यात कंत्राटी कामगारांचं एक कलम होतं.