तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा राउटर लावला की नेटवर्क वेगळं होतं का?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर मुलं ठेवणारे ओळखीचे लोक मला हटकून विचारतात, "वरच्या मुलांना वेगळा राउटर दिलाय, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. आता आपलं नेटवर्क वेगळं झालं ना?"

बहुतेक घरांत ते झालेलं नसतं. केबल कुठे खोचलीय आणि कोण कोणाच्या मागे आहे, यावर सगळं ठरतं.

मुख्य राउटरची केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) असेल आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद असेल, तर तो फक्त सिग्नल पुढे नेतो. दोन्ही मजले एकाच नेटवर्कात राहतात. केबल वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत हवी. पत्तेही वेगळे हवेत: मुख्य राउटर 192.168.1.1 असेल, तर दुसऱ्याला 192.168.2.1 द्या.

खरी मेख पुढे आहे. मालक मुख्य राउटरवर, मुलं त्याच्या मागच्या राउटरवर, अशी मांडणी घरोघरी दिसते आणि ती नेमकी उलटी आहे. मागचा राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. म्हणजे मुलांचे लॅपटॉप तुमच्यापासून सुरक्षित, पण त्या लॅपटॉपवरून तुमचा प्रिंटर आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर गाठता येतो. मुलांवर माझा अजिबात संशय नाही. एमपीएससीसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या पोरांना तुमच्या डीव्हीआरशी काय घेणं? पण फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर लॅपटॉपात काय शिरलंय, हे त्यांनाही ठाऊक नसतं. 2016 मध्ये मिराय नावाच्या मालवेअरनं कारखान्यातून आलेलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते.

मग तुम्ही आत आणि मुलं बाहेर, असं केलं तर? आधीपेक्षा बरं. पण तुमची सगळी ये-जा त्यांच्या नेटवर्कातून होते, आणि तिथलं एखादं यंत्र 'राउटर मीच' असं भासवून ती स्वतःकडे वळवू शकतं.

म्हणून मी तीन राउटर लावायला सांगते. पहिला इंटरनेटवाल्यांनी दिलेला. त्याचं वायफाय बंद ठेवा आणि त्याला दोनच केबल जोडा: एक तुमच्या राउटरच्या वॅनला, दुसरी मुलांच्या राउटरच्या वॅनला. आता दोघंही एकमेकांसाठी बाहेरचे. साधे, स्वस्त राउटर पुरतात. मात्र पहिल्या राउटरचं सेटिंगचं पान दोन्हीकडून उघडतं, त्यामुळे त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड आधी बदला. बाहेरून थेट डीव्हीआर पाहण्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये वाट करून द्यायची (पोर्ट उघडायचं) असेल, तर ते दोन ठिकाणी, पहिल्या आणि तुमच्या राउटरवर, करावं लागतं. ती कटकट मला मान्य आहे. अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एवढा खटाटोप नको, राउटरमधलंच गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) पुरतं.

तिन्ही राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत तो सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालंय. वायफायच्या सुरक्षेसाठी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए3 ठेवा, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए2. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एका राउटरला चॅनल 1 आणि दुसऱ्याला 6 किंवा 11 द्या. पेठेत शेजाऱ्यांचीच इतकी गर्दी असते की आपल्याच दोन राउटरची आपसात टक्कर नको.

सगळं झालं की वरच्या एखाद्या मुलाला खाली बोलवा. फोन त्याच्याच वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये तुमच्या प्रिंटरचा पत्ता टाकायला सांगा. पान उघडलं, तर वॅनची केबल पुन्हा तपासा.