बोटीत आधी पाणी भरा, रंगाचं नंतर बघू

आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत पाणी साचायला लागलं तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला: आतून जाड रंग मारून टाक, सगळं बुजतं. बुजतं खरं, पण पुढच्या मोसमापर्यंतच. लाटांचे दणके खाऊन पत्रे जोडणारे रिव्हेट सैल होतात, सांधे किंचित हलत राहतात. हलत्या सांध्यावर रंगाचा पापुद्रा किती दिवस टिकणार? शिवाय अ‍ॅल्युमिनियम उन्हात चांगलंच पसरतं. चार मीटरची बोट, तापमानात ४० अंशांचा फरक, की ती साडेतीन मिलिमीटरहून जास्त वाढते. म्हणून दगडासारखी कडक होणारी लांबी, म्हणजे पुटी, सांध्यात भरणंही मला पटत नाही.

गळती शोधायची तर बोट जमिनीवर घ्यायची आणि आत पाणी भरायचं. बाहेरून आत येणारं पाणी आतून बाहेर येताना दिसतं, एवढं साधं गणित आहे. फक्त भसाभसा भरू नये. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर १०० किलो वजन; खाली नीट टेकू नसतील तर तळालाच बाक यायचा. आम्ही आडव्या फळ्यांचे टेकू देऊन बोट आधी मागे कलती केली, तेवढाच भाग भरला, मग पुढचा.

बाहेरचा पत्रा कोरडा पुसून रिव्हेटच्या ओळींवरून फळ्यावर लिहायचा खडू आडवा घासला होता. ही युक्ती मला फार आवडते. पाझर अगदी बारीक असला, थेंबही धरत नसला, तरी खडूची भुकटी ओली होऊन गडद पडते. रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी नखाएवढी काळसर कोर उमटते, मग ती पुरी गोल होते. तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्याकडे बहुतेक खुणा मधल्या बाकाखाली निघाल्या. पाणी मात्र साचायचं मागे, निचऱ्याच्या बुचाजवळ, आणि आम्ही संशय घेत होतो त्या बिचाऱ्या बुचावर.

सैल रिव्हेट आधी ठोकून घट्ट करून बघावा. बाहेरच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि आतून हातोड्याचे बेताचे ठोके द्यायचे. हे दोन माणसांचं काम. धाकटा भाऊ ठोकळा धरून बोटीखाली आडवा झाला होता आणि दर ठोक्याला खालून विचारत होता, "दादा, पुरे का आता?" प्रश्न योग्यच होता. जास्त ठोकलं तर भोवतालचा पत्रा ताणला जातो आणि गळती वाढते. जे रिव्हेट ठोकूनही हलतात ते ड्रिलने काढून टाकावेत. बदली म्हणून आम्ही बंद टोकाचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारे) पॉलियुरेथेन सीलंटमध्ये, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचिक लुकणात, बुडवून मारले. साधे, उघड्या टोकाचे नकोत. त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. सिलिकॉनही नको, कारण त्यावर नंतर रंग धरत नाही. सीलंट पूर्ण सुकू दिलं, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा खडू. यात घाई करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग रंगाची तयारी. जुना रंग काढताना मास्क हवाच आणि ओलं घासलेलं बरं. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात, शिसं किंवा क्रोमेट असं विषारी काही असू शकतं. साधा तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नये, लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि गंजतात. घासायच्या आधी तेलकटपणा काढावा, नाहीतर तो पॉलिश पेपरने आणखी आत चोळला जातो. पत्रा स्वच्छ झाला का हे पाणीच सांगतं: शिंपडलेलं पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन फुटलं तर परत धुवा.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि त्यावर रंगाची पकड चांगली नसते. त्यामुळे घासून झालं की त्याच दिवशी सेल्फ एच प्रायमरचा, म्हणजे आम्लाने पत्रा किंचित कोरून पकड धरणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात. पातळच; जाड मारला तर त्यातल्या आम्लाचं काम अर्धवट राहतं. वरचा रंग त्या प्रायमरवर चालतो का, हे डब्यावर वाचून घ्यावं. तांबं असलेला रंग अ‍ॅल्युमिनियमला लावूच नये, ओलाव्यात पत्रा कुरतडला जातो.

रंगावरून घरात थोडी खडाजंगी झाली. भावाला गडद निळा हवा होता. गडद रंग उन्हात अनवाणी पायांना चटके देतो आणि पांढराशुभ्र चकचकीत रंग डोळ्यांवर येतो, म्हणून फिका राखाडी, बिनचमकीचा घेतला. पाय पडतात तिथे ओल्या रंगावर बारीक कोरडी वाळू चाळणीने भुरभुरली, वरून अजून एक हात दिला. बाक परत बसवताना स्टेनलेसच्या स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशर घातले, म्हणजे स्क्रू नव्या रंगाला खरवडत नाहीत आणि त्यांची डोकी थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकत नाहीत. निळ्या रंगाची हौस भावाने वल्ह्यांवर भागवून घेतली.